घरातल्या घरात : दोन मुलग्यांची गोष्ट

मैत्रिणींनो, या खेपेला लिंबाच्या लोणच्याला बुरशी का धरते यावर लिहायचं ठरवलं होतं. पण एका भगिनीचं पत्र आलं आहे, ते बाजूला ठेववेना. त्यांची मुलगी अकरावीला आहे. रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन थायलंडच्या मालिका बघते, आणि त्या मालिकांत दोन मुलगेच एकमेकांच्या प्रेमात पडलेले असतात म्हणे. मुलगी बिघडेल का, मोबाइल काढून घेऊ का, असं त्यांनी विचारलं आहे. लोणचं पुढच्या आठवड्यात.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. थायलंडात अशा मालिकांची आता मोठी बाजारपेठ झाली आहे. २०१६ साली 'सोटस' नावाची मालिका आली. इंजिनिअरिंग कॉलेजातला एक सीनियर आणि एक नवा विद्यार्थी यांची ती गोष्ट. ती गाजली, आणि प्रेक्षकांना गोष्टीइतकीच जोडीही हवी असते हे कंपन्यांनी ओळखलं. मग तेच दोन नट पुन्हापुन्हा एकत्र दिसू लागले. २०१८ साली 'आवर स्काय' आली, तिच्यात पाच भाग आणि पाच जोड्या, सगळ्या आधीच्या मालिकांतून ओळखीच्या झालेल्या. एका गोष्टीत ताटातूट झाली तरी बघणारीला धीर असतो, की दुसऱ्या गोष्टीत हे दोघे पुन्हा भेटणारच. यातल्या कितीतरी कथा बायकांनीच लिहिलेल्या आहेत, आणि बघणाऱ्यांतही बायका-मुलीच जास्त.

मुलींना यात काय आवडतं? मला वाटतं, त्यांत कुणी कुणाला 'तू मुलगी आहेस, जपून राहा' असं सांगत नाही. हात धरण्याआधी एकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. आजारी पडला तर दुसरा पेज करून आणतो. हुंडा नाही, सासू नाही. आपल्याकडच्या मालिकांत सून संध्याकाळी सात वाजता रडायला लागते ती जेवणं उरकेपर्यंत रडत असते. त्यापुढे पोरीला हे बरं वाटलं तर नवल काय! माझी तक्रार आहे ती वेगळीच. सगळं फार गुळचट. सगळे गोरेगोमटे, खाऊनपिऊन सुखी, आणि आईबाप शेवटच्या भागात पटकन 'बरं बाबा' म्हणून मोकळे.

मालिका बघून कुणाची ओढ बदलत नाही. आपल्या पिढीतल्या मुलांनी जन्मभर नायक-नायिकेचेच सिनेमे पाहिले, तरी ज्यांचा कल वेगळा होता त्यांचा तो वेगळाच राहिला की! तेव्हा त्या भगिनींना माझं उत्तर असं : रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात ठेवायला लावा, पण तो झोपेसाठी. आणि दिवसा एखादा भाग मुलीशेजारी बसून बघा. खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळतात, ती वाचायला तिची मदत लागेलच.

नट तेच आणि गोष्ट नवी, हे काही आपल्याला परकं नाही. आपल्या सांगली जिल्ह्याइतकं हे कुणाला कळणार? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सीताही पुरुषच होता. बालगंधर्वांचं गाव पलूस तालुक्यातलं नागठाणे. १९१९ च्या 'एकच प्याला'त ते सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. त्याआधी 'संशयकल्लोळ'मध्ये हे रेवती आणि ते फाल्गुनराव. सिंधूच्या हालांवर रडलेली माणसं पुढच्या खेळाला त्याच दोघांना नव्या वेषात बघायला पुन्हा रांगेत उभी. बालगंधर्वांची नऊवारी नेसायची ढब घरंदाज बायकांनी उचलली होती. अर्थात ती गोष्ट नवराबायकोचीच होती, हे मला कळतं. पण रंगमंचावर दोन पुरुष प्रेमाचं बोलत आहेत म्हणून कुणाच्या पणजीचं काही बिघडलं नाही.

खरी गोष्ट सांगायला मात्र मराठीत वेळ लागला. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडींनी त्यात मित्रा केली. एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम, आणि शेवट फार वाईट. २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली. तीत भाऊ आणि बहीण दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात.

आणि आता 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांचा हा मराठी सिनेमा जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च बक्षीस घेऊन आला आणि १९ सप्टेंबर २०२५ ला आपल्या चित्रपटगृहांत लागला. थायलंडच्या मालिकेतलं काहीच यात नाही. आनंदचे वडील वारतात. मुंबईहून तो आईबरोबर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाइकांनी घर भरलेलं, आणि जो तो त्याच्या लग्नाचं विचारतो. गावात त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या शेती करतो, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा. त्या दहा दिवसांत दोघे पुन्हा जवळ येतात. कानवड्यांना ही कथा सुचली ती त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकात. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी दोघे मित्र केले आहेत, आणि आई जयश्री जगताप यांनी.

साबर बोंडं म्हणजे फड्या निवडुंगाची लाल फळं. आपल्या खानापूर-आटपाडीच्या माळावर बांधाबांधाला ती दिसतात. वरची बारीक कुसं काढल्याशिवाय तोंडात घालता येत नाहीत, आणि खाल्ल्यावर जीभ लालभडक.

मला या सिनेमातली आई महत्त्वाची वाटते. तिला मुलाचं माहीत आहे. ती भाषण करत नाही, पण भरल्या घरात मुलाच्या बाजूने उभी राहते. त्या मालिकांत हेच नसतं, आणि आपल्याला लागतं ते हेच.

कारण आपल्याकडे काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. विट्याच्या आसपासची कितीतरी मुलं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. मुलगा तिकडे काय करतो, कुणाशी बोलतो, आईला ठाऊक नसतं. मे महिन्यात गावी आला की चार स्थळं दाखवायची आणि लग्न उरकूनच परत पाठवायचं. मुलगा 'नको' म्हणाला तर लाजतोय म्हणायचं. दोनदा नको म्हणाला तर देवऋषी. लग्न झालं की ठीक होतं असं सांगणारे मांडवातून उठून जातात, आणि पाठीमागे परक्या घरची एक मुलगी राहते, नवरा आपल्याकडे का बघत नाही ते कुणाला विचारू न शकणारी. रंग, जाडी, पायगुण, सगळा दोष तिच्या माथी. त्या मुलीचा विचार आधी करा असं मला म्हणायचं आहे.

मुलगा दुसऱ्यांदा 'नको' म्हणाला की स्थळं बघणं थांबवा आणि एकटं बसून त्याच्याशी बोला. भाऊजी, मामा, कुणाला मध्ये घेऊ नका. त्याने सांगितलंच, तर 'कुणाकुणाला माहीत आहे?' हा प्रश्न पहिला नको, तो जेवलाय का ते विचारा. डॉक्टरकडे न्यायची घाई नको. हा आजार नाही असं भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ सालीच सांगितलं आहे. 'बदलून देतो' म्हणून पैसे घेणारा डॉक्टर भेटला तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला आहे. पोलिसांची भीतीही नको. दोन सज्ञान माणसांचे असे संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. लग्नाला मात्र त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता दिली नाही. थायलंडात ती २३ जानेवारी २०२५ पासून आहे. मराठीतून वाचायचं असेल तर पुण्याच्या बिंदुमाधव खिऱ्यांची या विषयावरची पुस्तकं आहेत, सरळ आणि घरच्या भाषेत लिहिलेली.

मुलाऐवजी मुलीची गोष्ट असेल तर वेळ आणखी थोडा असतो, कारण तिला 'नको' म्हणायची सोयच आपण ठेवत नाही. त्यावर वेगळं लिहीन. कुणाला पत्र पाठवायचं असेल तर नाव-गाव न घालता पाठवलं तरी चालेल.