गावकुसाबाहेरचे घर वहीत उतरावे

आयर्लंडमधील पांढऱ्या भिंतींची, गवताने शाकारलेली घरे पर्यटनाच्या चित्रांतून सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. परंतु या देशाने आपल्या खेड्याची स्मृती केवळ देखण्या चित्रापुरती ठेवलेली नाही. 1841 च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग पाडण्यात आले. चौथा वर्ग म्हणजे एका खोलीची मातीची झोपडी. अशा झोपड्या सुमारे 4 लाख 91 हजार होत्या. महादुष्काळानंतर 1851 मध्ये त्या 1 लाख 36 हजारांच्या आसपास उरल्या. त्यांत राहणारे असंख्य लोक एक तर मृत्यू पावले होते किंवा देशोधडीला लागले होते. आज क्लेअर काउंटीतील बनरॅटीच्या लोकजीवन संग्रहालयात सधन शेतकऱ्याच्या घराबरोबर भूमिहीन मजुराची एकखणी झोपडीही उभी आहे.

याहून मोलाचे कार्य येथील शाळकरी मुलांनी केले. 1935 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने 1937 ते 1939 या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना घरच्या व शेजारच्या वृद्धांकडे पाठविले. जुनी घरे, चूल, अन्न, दुष्काळ यांविषयी मुलांनी ऐकले आणि वह्यांत लिहून काढले. हा ठेवा आज डब्लिनच्या विद्यापीठात जतन केलेला आहे.

आपल्या घरांतून मात्र दोन टोके दिसतात. काही पालक मुलांना गाव सांगतात ते हिरव्या शेताचे नि आमराईचे. काही गावाचे नावच काढत नाहीत. पहिल्यात सत्य अर्धे राहते, दुसऱ्यात ते नाहीसे होते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाची परखड झाडाझडती घेतली होती. ज्या वस्तीला गावकुसाबाहेर जागा, पाणवठा वेगळा आणि वाट्याला येसकराची पाळी, त्या वस्तीच्या लेकरांनी खेड्याचे गोडवे गावेत तरी कोणत्या आधारावर?

तथापि ते घर केवळ अपमानाचे घर नव्हते. पोतेऱ्याने सारवलेली जमीन, गाडग्यांची उतरंड, पहाटेची जात्याची घरघर, भाकरीचा वास हेही तेथलेच. 1956 च्या धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातील देव गेले आणि भिंतीवर भगवान बुद्ध व बाबासाहेब आले. क्रांती प्रथम घरातच घडली. जात्यावर बसलेल्या आयाबहिणींनी बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी उभारलेल्या ओवीसंग्रहात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या अशा ओव्या आहेत. निरक्षर म्हणवल्या गेलेल्या या स्त्रिया आपल्या इतिहासाच्या पहिल्या लेखिका होत.

परदेशात वाढणाऱ्या मुलांवर जुन्या दुःखाचे ओझे कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण येथील शाळेत आयरिश दुष्काळाचा इतिहास शिकताना ही मुले परक्याचे दुःख समजून घेतात. मग आपल्याच आजीचे आयुष्य त्यांना अपरिचित का राहावे? अज्ञानाने मूल निश्चिंत होत नाही. उद्या कोणी त्याला जात विचारली, तर ते निरुत्तर मात्र होते.

म्हणून एक नम्र सूचना. प्रत्येक कुटुंबातील मुलाने एक वही घ्यावी आणि आजीआजोबांना दूरध्वनीवर विचारावे: घर कशाचे होते? छप्पर गळत असे का? पाणी कोठून आणावे लागे? गावकीची कामे कोणती होती? ती कधी सोडली, कोणाच्या विरोधाला तोंड देऊन? शाळेत प्रथम कोण गेले? उत्तरे आजीच्याच बोलीत लिहावीत. भाषा सुधारण्याच्या भरीस पडू नये.

धर्मांतर डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता थोडीच उरली आहे. तिच्याबरोबर ते घर दुसऱ्यांदा पडेल. पहिल्यांदा ते आपण आनंदाने मागे सोडले, कारण पक्के घर हवे होते. दुसऱ्यांदा मात्र ते केवळ आपल्या आळसाने पडेल. पुढील स्मरणिकेची काही पाने या मुलांच्या वह्यांसाठी राखून ठेवावीत.