अंदाजाचे बिल आणि हक्काचे रीडिंग

कोलशेतच्या आमच्या वस्तीत रविवारी विहारात वंदना झाली की लोक लगेच घरी जात नाहीत. कुणाच्या हातात मुलीच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज असतो, कुणाला आलेल्या नोटिशीचे उत्तर लिहून हवे असते. मात्र गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त हातांत दिसते ते विजेचे बिल. प्रश्न एकच असतो, "वकीलसाहेब, एवढी लाईट आम्ही जाळली कधी?"

अशाच एका मावशी आमच्याकडे आल्या. एकेकाळच्या सँडोज, नंतरच्या क्लॅरियंट कंपनीच्या जमिनीवर आता लोढांचे टॉवर उभे आहेत. तिथे चार घरची धुणीभांडी करून त्या संसार चालवतात. दहा बाय बाराची खोली, एक पंखा, दोन दिवे, टीव्ही आणि मालकिणीने दिलेला जुना फ्रिज. पाच महिने त्यांना प्रत्येक वेळी बरोबर ६४ युनिटांचे बिल आले. माणसाच्या घरात वैशाखात आणि आषाढात सारखीच वीज कशी जळेल, हा प्रश्न बिल काढणाऱ्याला पडला नाही आणि बिल कमी म्हणून मावशींनाही पडला नाही. सहाव्या महिन्यात एकदम २६८ युनिटांचे बिल आले. त्या कार्यालयात दोनदा जाऊन आल्या. खिडकीवर उत्तर मिळाले, आधी भरा, मग अर्ज करा. फार तर हप्ते पाडून देतो. मावशींना ते उपकार वाटले. त्या हप्त्याला कबूलही झाल्या होत्या.

आम्ही त्यांची सहाही बिले जमिनीवर ओळीने मांडली. पाच बिलांवर चालू रीडिंगच्या रकान्यात आकडाच नव्हता, 'इनअ‍ॅक्सेस' एवढाच शब्द होता. म्हणजे मीटरपर्यंत पोचता आले नाही. आणि मीटर कुठे? गल्लीच्या तोंडाशी, अकरा घरांचे मीटर एका फळीवर, माणसाच्या उंचीला, उघड्यावर. पोरांचा चेंडू दिवसातून दहा वेळा त्या फळीला लागतो. रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये मीटररूमला कुलूप आहे, दारात वॉचमन आहे, वहीत नाव लिहावे लागते, तरी तिथे दर महिन्याला रीडिंग होते. जिथे कुलूप नाही, वॉचमन नाही, ती आमची गल्ली कागदावर दुर्गम ठरते! आपल्या वस्तीकडे न फिरकण्याची सवय या देशात फार जुनी आहे. फक्त आता तिला संगणकातला शब्द मिळाला आहे. रीडिंग घेणाऱ्या पोरावर आम्ही राग काढणार नाही. तो कंत्राटी आहे, बहुधा आपल्यातलाच आहे. त्याला किती मीटर नेमून दिले आणि तो न येता पाच महिने बिले कशी निघाली, हे त्याच्या वर बसणाऱ्याला विचारायचे असते.

आता हिशेब पाहा, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मावशींचा खरा वापर सहा महिन्यांत ५८८ युनिट झाला, म्हणजे महिन्याला ९८. पाच महिन्यांचे ६४ प्रमाणे ३२० युनिट त्यांनी भरले होते. उरले २६८. ते त्यांनी वापरले हे खरेच आहे. मीटर चुकीचा नव्हता, चोरी नव्हती. पण हे २६८ युनिट एकाच महिन्यात जळाले असे धरून बिल काढले गेले. घरगुती विजेचा दर टप्प्यांचा असतो. पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढचे महाग. महावितरणच्या एप्रिल २०२० च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा वीज आकार युनिटला ३ रुपये ४६ पैसे होता आणि १०१ ते ३०० च्या टप्प्याचा ७ रुपये ४३ पैसे. नंतर दर बदलत गेले, टप्प्यांतली ती दरी मात्र राहिली. मावशींचा एकाही महिन्याचा वापर शंभरच्या वर गेला नव्हता, तरी त्यांचे १६८ युनिट महाग टप्प्यात ढकलले गेले. त्या २०२० च्या दरानेच धरले तरी हा फरक सहाशे सदुसष्ट रुपयांच्या घरात जातो, वीज शुल्क वेगळे. रीडिंग घेतले नाही ही चूक एकाची, आणि तिचा दंड भरायचा दुसऱ्याने.

मग मावशी भांडल्या का नाहीत? मीटर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. उद्या पुनर्वसनाचा सर्व्हे आला तर या खोलीत आम्ही राहतो हे सांगायला जे दोन-चार कागद आहेत, त्यात हे बिल आहे. लाईन कापली तर अंधार होईलच, पण पुरावाही कापला जाईल, ही ती भीती. टॉवरमधला माणूस जास्तीचे बिल आले तर भांडतो, कारण त्याचे घर बिलावर उभे नाही. आपल्या माणसाला भांडण परवडत नाही असे त्याला वाटते. कायदा मात्र तसे म्हणत नाही, आणि आम्हाला नेमके तेच सांगायचे आहे.

अंदाजाने दिलेले बिल हे तात्पुरते बिल असते. पुढे रीडिंग मिळाले की भरलेली रक्कम वळती करून हिशेब दुरुस्त करणे कंपनीवर बंधनकारक आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या विनियमांत हे होते, २०२१ च्या विनियमांतही आहे. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती बिले काढायची नाहीत, आणि आपत्तीसारखे कारण नसताना त्याहून जास्त काळ अंदाजच चालू राहिला तर प्रत्यक्ष रीडिंगचे बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरण्यास नकार देऊ शकतो, असे त्यात लिहिले आहे. मावशींना पाच आली होती. मीटर बंदच पडला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मागच्या सरासरीने बिल होते, पण चोरीचा आरोप नसेल तर जास्तीत जास्त तीन महिन्यांचे.

लाईन कापण्याची भीती असेल त्यांनी वीज कायदा २००३ मधले कलम ५६ लक्षात ठेवावे. कापण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, खिडकीवरची दमदाटी म्हणजे नोटीस नव्हे. आणि वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हा 'निषेध' अर्जात लिहावा लागतो, मनात ठेवून चालत नाही. जुन्या चुकीची थकबाकी दोन वर्षांनंतर काढली तर? फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहमतुल्ला खान यांच्या प्रकरणात सांगितले की, कंपनी अशी जादा मागणी करू शकते, पण त्यासाठी वीज तोडण्याचा बडगा वापरू शकत नाही.

इथे २०२० ची आठवण काढणे भाग आहे. टाळेबंदीत मार्चपासून रीडिंग थांबले, थंडीच्या महिन्यांच्या सरासरीवर उन्हाळ्याची बिले निघाली आणि जूनमध्ये सगळा फरक एकदम अंगावर आला. राज्यभर बिलांची होळी झाली. ऊर्जामंत्री नितीन राऊत हे नागपूरचे, आंबेडकरी समाजातले. तीन हप्ते आणि एकरकमी भरणाऱ्याला दोन टक्के सूट त्यांनी दिली. पुढे सवलतीचे संकेत दिले आणि नोव्हेंबरमध्ये ती देता येणार नाही असे सांगितले. मंत्री आपला म्हणून आपल्यातले बरेच जण गप्प बसले, आम्हीही फार बोललो नाही, हे कबूल करतो. त्याच राऊत यांच्या काळात २०२१ मध्ये बाबासाहेबांच्या नावाच्या जीवनप्रकाश योजनेतून अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना पाचशे रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत, घेऊन जोडणी देण्याचे ठरले, हेही विसरू नये. पण होळी करणाऱ्यांबद्दल आमची तक्रार वेगळी आहे. त्या जूनच्या बिलात युनिट महिन्यांत नीट विभागले आहेत की नाहीत, हे किती जणांनी तपासले? महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली ती वाचल्यावर. आम्ही बिल न वाचताच जाळले आणि पुढे हप्त्याने भरले.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा वीज आणि पाण्याचे धोरणही त्यांच्याकडे होते. १९४४ ची केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना त्याच काळातली. वीज मुबलक आणि स्वस्त हवी, ती मिळाल्याशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. मजूरमंत्र्याने विजेचा विचार केला, याचा अर्थ आपल्या पुढाऱ्यांनी अजून नीट घेतलेला नाही. नाहीतर जयंतीच्या मंडपाच्या रोषणाईवर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी मीटरच्या रीडिंगवर झाली असती.

आता स्मार्ट मीटर येत आहेत, मग अंदाजाचा प्रश्नच राहणार नाही असे सांगतात. राहू नये अशी आमचीही इच्छा आहे. तोवर फळीवरचे जुने मीटर आहेतच.

मावशींचे बिल अखेर दुरुस्त झाले. दोन पानी अर्ज, सहा बिलांच्या झेरॉक्स, मीटरचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, एवढेच लागले. नसते झाले तर ग्राहक तक्रार निवारण मंच होता. ठाण्याचा भांडुप परिमंडलाकडे, कल्याण-डोंबिवलीचा कल्याण परिमंडलाकडे. त्याच्यावर विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील लावावा लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते.

या रविवारीही वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत. येताना मागच्या बारा महिन्यांची जेवढी सापडतील तेवढी बिले आणावीत. मीटरचा फोटो निघण्याच्या आधी काढावा, आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसले पाहिजेत. ज्यांच्या बिलावर सलग दोन महिने सारखेच युनिट आहेत, त्यांनी तिसऱ्या बिलाची वाट पाहू नये.