साडेचार पौंडांचा भाव

बॉक्सिंगच्या जुन्या चाहत्यांसमोर ३ जून २००६ ही तारीख टाका आणि गंमत बघा. तासभर तरी भांडण संपत नाही. खरं तर त्या रात्री लास वेगासमध्ये दिएगो कोरालेस आणि होसे लुईस कास्टियो यांच्यात ठरलेली लढत झालीच नाही. एकही ठोसा पडला नाही, तरी इतकी वर्षं लोक तिचा निकाल लावतायत. आणि त्यातले बरेच जण फिरून एकाच वाक्यावर येतात : "कोरालेस टरकला."

हे वाक्य मला सहन होत नाही. ते का खोटं आहे, एवढंच मला इथे सांगायचंय.

आधी घटना बघू. दोघांची पहिली लढत ७ मे २००५ ची. लाइटवेट गट, मर्यादा १३५ पौंड, म्हणजे साधारण ६१.२ किलो. दहाव्या फेरीत कोरालेस दोनदा खाली पडला, डोळे सुजून मिटत आलेले, तरी उठला आणि त्याच फेरीत त्याने कास्टियोला संपवलं. ती फेरी पाहिली नसेल तर वाचणं इथेच थांबवा, यूट्यूबवर बघून या. मग सांगा, हा माणूस कुणाला टरकेल?

दुसरी लढत त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. आदल्या दिवशी वजन झालं तेव्हा कास्टियो १३८.५ पौंड भरला. वर त्याच्या गोटातला एक जण काट्याखाली पाय सरकवताना पकडला गेला. मापात मारणारा दुकानदारसुद्धा इतकं उघड करत नाही. तरीही कोरालेस लढला. चौथ्या फेरीत नॉकआउट झाला.

तिसऱ्या वेळी कास्टियो १३९.५ भरला. साडेचार पौंड जास्त. कोरालेसने आपलं वजन बरोबर आणलं होतं. तो म्हणाला, नाही लढत.

आता चाहत्यांचे युक्तिवाद घेऊ.

पहिला : साडेचार पौंड म्हणजे किती, दोन किलो! तेवढ्याने काय होतं?

होतं. वजन लढतीच्या आदल्या दिवशी करतात. लढवय्ये एरवी आपल्या गटापेक्षा बरेच जड असतात आणि शेवटच्या दिवसांत खाली येतात. हे शेवटचे दोन-तीन किलो चरबीचे नसतात, पाण्याचे असतात. मीठ बंद, पाणी बंद, प्लास्टिकचा सूट घालून धावणं, सॉनात बसणं, तोंडातली थुंकीसुद्धा बाहेर टाकणं. सगळ्यात वाईट असतात ते हेच किलो. म्हणजे कास्टियोकडे नुसते दोन किलो जास्त नव्हते. जो त्रास कोरालेसने शेवटपर्यंत काढला, तो त्याने अर्ध्यात सोडला होता. आणि असं कोरडं पडलेल्या शरीराच्या डोक्यावर ठोसे बसणं किती धोक्याचं, हे डॉक्टर कधीपासून सांगतायत. रिंगपर्यंत तरी पोचायला हवं ना. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी एमएमए फायटर मनिलात वजन उतरवतानाच गेला.

दुसरा युक्तिवाद : खरा मर्द समोर कोणीही आला तरी लढतो.

हे सोफ्यावरून बोलायला सोपं आहे. २६ फेब्रुवारी २००० ला न्यूयॉर्कमध्ये जोई गमाश असाच लढला. समोर आर्तुरो गॅटी. कागदावर गॅटीचं वजन १४१ पौंड. लढतीच्या रात्री टीव्हीवाल्यांनी मोजलं तेव्हा गॅटी १६० आणि गमाश १४५. दुसऱ्या फेरीत गमाश कोसळला, त्याच्या मेंदूला इजा झाली. तो पुन्हा कधीही रिंगमध्ये उतरला नाही. त्याला तुम्ही मर्द म्हणा, पण तुमच्या टाळ्यांनी त्याचं काय भलं झालं?

आपल्या भाषेत एक शब्द आहे, 'तोलामोलाचा'. जत्रेतल्या आखाड्यातसुद्धा जोड लावताना जाणते लोक पोरांची अंगं बघतात. जोड विजोड असली तर प्रेक्षकच ओरडतात. तिथे काटा नसतो, पण तोल बघितला जातो. आणि आधी तोल, मग मोल. व्यावसायिक बॉक्सिंगने हा क्रम उलटा केलाय.

तिथे जादा वजनाला चक्क भाव असतो. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला क्रिस युबँक ज्युनियर कॉनर बेनविरुद्ध ०.०५ पौंडाने जास्त भरला. जेमतेम २३ ग्रॅम. करारानुसार त्याला ३,७५,००० पाउंड दंड झाला आणि लढत ठरल्याप्रमाणे पार पडली. दंड म्हणायचं, प्रत्यक्षात ते तिकीट.

याच्या समोर ७ ऑगस्ट २०२४ ठेवा. पॅरिस ऑलिंपिक, ५० किलो गट, विनेश फोगाट, १०० ग्रॅम. तिची अंतिम कुस्तीही झालीच नाही. त्या दिवशी आपण सगळे हळहळलो. आधीच्या दिवशी जिंकलेल्या कुस्त्याही तिच्या हातून जाव्यात, इतका कठोर नियम असावा का, यावर जरूर भांडा, मीही भांडेन. पण तिथे १०० ग्रॅम विकत मिळत नव्हते. गरीब देशाच्या खेळाडूला नाही आणि श्रीमंत देशाच्याही नाही. बॉक्सिंगमध्ये मिळतात, आणि पैसे देणारा बहुतेकदा तोच असतो ज्याच्या नावावर तिकिटं खपतात.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात प्रामाणिक आहे : आम्ही तिकीट काढलं, विमानाने गेलो, आमचे पैसे बुडाले. बुडाले, मान्य. पण ते बुडवले कास्टियोने. नेवाडा राज्याच्या आयोगाने त्याला अडीच लाख डॉलर दंड केला, वर्षअखेरपर्यंत बंदी घातली. तुमचा राग मात्र नियम पाळणाऱ्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी, ते हेच.

कोणी म्हणेल, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होएल कासामायोरसमोर कोरालेसलाही १३५ चा आकडा गाठता आला नाही. बरोबर. काट्यावरच त्याचा किताब गेला, आणि जायलाच हवा होता. पण त्यामुळे जूनमधला त्याचा नकार चुकीचा ठरत नाही. उलट दिसतं ते इतकंच की त्या शरीरातून हे वजन काढणं आता त्यालाही झेपत नव्हतं. जूनमध्ये मात्र त्याने ते काढलं होतं.

७ मे २००७ ला, पहिल्या लढतीनंतर बरोबर दोन वर्षांनी, कोरालेस लास वेगासमध्ये मोटरसायकल अपघातात गेला. त्याच्या नावाने सगळे ती दहावी फेरी शेअर करतात. माझ्या मते त्याने दाखवलेली मोठी हिंमत दुसरीच होती. रिंगमध्ये पडून उठताना हजारो लोक तुमच्या बाजूने ओरडत असतात. समोर एवढे पैसे दिसत असताना 'नाही' म्हणणाऱ्याच्या बाजूने कोणीच ओरडत नाही.

आणि जोवर आपण ओरडत नाही, तोवर प्रमोटर हिशेब करतच राहणार की किती पौंडांना किती पैसे. गिऱ्हाईक आपण आहोत. काटा खोटा असेल तर माल परत करायचा, एवढं तर आपल्याला किराणा दुकानातही कळतं.