गॅस सिलिंडरला क्यूआर कोड: कोड चांगला, पण तो निघून पडला तर काय?

घरगुती गॅस सिलिंडरला स्वतःचा क्यूआर कोड मिळणार, ही घोषणा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. दिल्लीत भरलेल्या जागतिक एलपीजी सप्ताहात केंद्रीय पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी कोड लावलेला सिलिंडर दाखवला. पहिल्या टप्प्यात २० हजार सिलिंडरना कोड लावल्याचं आणि पुढच्या तीन महिन्यांत १४.२ किलोच्या सगळ्या घरगुती सिलिंडरना तो बसवणार असल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. बातम्यांमध्ये याला लगेच 'सिलिंडरचं आधार कार्ड' असं नावही पडलं.

त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, केंद्रीय वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनी क्यूआर कोडची तरतूद असलेल्या नव्या गॅस सिलिंडर नियमांचा मसुदा तयार असल्याचं सांगितलं. म्हणजे तीन महिन्यांत होणारं काम दोन वर्षांनंतरही मसुद्याच्या टप्प्यावर होतं.

उशीर का होतो, याचं उत्तर फक्त सरकारी दिरंगाईत शोधून चालणार नाही. कोड छापणं सोपं आहे. अवघड आहे ते तो लोखंडी टाकीवर असा बसवणं, की तो वर्षानुवर्षं टिकेल आणि एका टाकीवरून काढून दुसरीवर लावता येणार नाही. हे जमलं नाही तर कोडचा गावातल्या ग्राहकाला काडीचा उपयोग नाही. उलट खोटा भरवसाच वाढेल.

कोडमधून काय कळणार?

आज गावात आलेली टाकी कुठे भरली, कधी भरली, तिची मोठी चाचणी कधी झाली, ती कोणत्या एजन्सीच्या नावावर निघाली, हे ग्राहकाला कळायला सोपा मार्ग नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळा क्रमांक मिळाला आणि तो प्रत्येक टप्प्यावर वाचला गेला, तर ही सगळी माहिती मोबाईलवर दिसू शकते. मुदत संपलेली टाकी भरायला आली, तर प्लांटमध्येच ती बाजूला काढता येईल. घरगुती टाकी हॉटेलच्या शेगडीला लावलेली सापडली, तर ती कोणत्या एजन्सीकडून आली हे शोधता येईल.

यात पैशाचा मोठा भाग आहे. घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के आणि व्यावसायिक गॅसवर १८ टक्के. त्यावर उज्ज्वला ग्राहकांना मिळणारं अनुदान वेगळं. स्वस्त टाकीतला गॅस महागड्या टाकीत ओतण्याचा धंदा या फरकावरच चालतो. त्यात टाकी हलकी मिळते ती गरीब घरात, आणि नळी लावून गॅस काढताना भडका उडाला तर होरपळते ती आजूबाजूची वस्ती.

टाकीचा प्रवास म्हणजे कोडची परीक्षा

भरलेली टाकी प्लांटमधून ट्रकमध्ये, ट्रकमधून गोडाऊनला, तिथून टेम्पोत आणि टेम्पोतून गावात येते. अनेक वाड्या-वस्त्यांवर गाडी जातच नाही. मग टाकी मोटारसायकलला आडवी बांधून, कधी बैलगाडीत, कधी डोंगराच्या पायवाटेनं खांद्यावर जाते. प्रत्येक ठिकाणी ती आपटते, घरंगळते, दुसऱ्या टाकीला घासते. घरात चुलीचा धूर आणि पावसाळ्यात ओल असते.

रिकामी टाकी परत प्लांटला गेली, की तिथे ती धुतली जाते, पाण्यात बुडवून गळती तपासली जाते आणि गरज पडेल तेव्हा पुन्हा रंगवली जाते. मोठ्या चाचणीच्या वेळी तर जुना रंग आणि गंज पूर्ण खरवडून काढतात. अंगावर चिकटवलेला कागदी किंवा प्लास्टिकचा स्टिकर या सगळ्यात किती दिवस तग धरणार? तो फाटला नाही, तरी रंगाच्या फवाऱ्याखाली झाकला जाईल. कोडचे बारीक चौकोन जास्त झाकले गेले, की मोबाईल तो वाचत नाही.

चिकटवायचा, बांधायचा, ठोकायचा की जोडायचा?

ओळखपट्टी बसवण्याचे साधारण चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग डिंकासारख्या गोंदानं चिकटवण्याचा. हा सगळ्यात स्वस्त. पण गोंद लोखंडाला नाही, रंगाला चिकटतो. आणि रंग बऱ्याचदा गंजावर बसलेला असतो. रंगाचा पापुद्रा सुटला की पट्टीही गेली. खाली रंग खरवडून, जागा साफ करून लावली तरच ती टिकते.

दुसरा मार्ग प्लास्टिकच्या किंवा तारेच्या पट्ट्यानं बांधण्याचा. लावायला एक मिनिट लागतं, पण कापायलाही तेवढंच. कापलेली पट्टी दुसऱ्या टाकीला बांधली, तर जुनी, मुदत संपलेली टाकी मोबाईलवर नवी दिसेल. हा धोका पट्टी हरवण्यापेक्षा मोठा आहे.

तिसरा मार्ग रिव्हेटनं ठोकण्याचा. पण टाकीच्या पोटाला भोक पाडता येत नाही, कारण तिथे दाबाखालचा गॅस असतो. म्हणून पट्टी ठोकायची तर ती व्हॉल्व्हभोवतीच्या गोल कड्यावर किंवा त्या कड्याला धरणाऱ्या उभ्या पट्ट्यांवर.

चौथा मार्ग धातूची पट्टी वेल्डिंगनं कायमची जोडण्याचा. २०२२ च्या घोषणेतही नव्या सिलिंडरवर कोड वेल्डिंगनं आणि जुन्यांवर चिकटवून, असं सांगितलं होतं. नवी टाकी कारखान्यात तयार होतानाच पट्टी जोडली, की प्रश्न मिटतो. जुन्या टाकीचं तसं नाही. गॅसचा अंश असलेल्या टाकीजवळ ठिणगी चालत नाही. आधी ती पूर्ण रिकामी करून, व्हॉल्व्ह काढून, आतला वायू बाहेर काढावा लागतो. हे काम चाचणीच्या वर्कशॉपमध्येच होऊ शकतं.

इथे घोषणेची मुदत आणि प्रत्यक्ष काम यातला फरक लक्षात येतो. नव्या सिलिंडरची पहिली मोठी चाचणी १० वर्षांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी होते. देशात घरगुती गॅसचे ३० कोटींहून जास्त ग्राहक आहेत आणि अनेक घरांत दोन टाक्या आहेत. प्रत्येक टाकी आपल्या चाचणीच्या वेळीच पक्की पट्टी घेऊन बाहेर पडणार असेल, तर सगळ्यांची पाळी यायला वर्षं लागतील. तोपर्यंत गावात पक्की पट्टी, चिकटवलेला स्टिकर आणि काहीच नसलेली टाकी, असे तिन्ही प्रकार एकत्र फिरत राहणार.

क्यूआर की चिप?

क्यूआर कोडचा फायदा म्हणजे तो साध्या मोबाईलवर वाचता येतो. तोटा असा, की त्याचा फोटो काढून हवे तितके छापता येतात. एकाच कोडच्या दहा टाक्या बाजारात आल्या, तर नुसत्या डोळ्यांना ते कळणार नाही. एकच क्रमांक एकाच दिवशी दोन तालुक्यांत वाचला गेला, की यंत्रणेनं धोक्याची खूण दिली पाहिजे.

दुसरा पर्याय आरएफआयडी चिपचा. फास्टॅगमध्ये हीच चिप असते. तिच्यावर रंग चढला, चिखल बसला तरी ती वाचता येते आणि तिची नक्कल करणं क्यूआरपेक्षा अवघड असतं. पण फास्टॅग काचेवर लावतात. तसलाच टॅग थेट लोखंडावर चिकटवला, तर धातूमुळे त्याचे संदेश अडतात आणि तो मुका होतो. लोखंडासाठी वेगळ्या बनावटीचा, खाली अंतर राखणारा टॅग लागतो. तो महाग पडतो आणि गावातल्या ग्राहकाच्या साध्या मोबाईलवर तो वाचता येईलच असं नाही. शिवाय प्लांटमध्ये गॅसच्या जवळ वापरायचं यंत्र ठिणगी न पडणारं आणि तसं मंजूर केलेलं असावं लागतं. अशी मंजुरी देणारी 'पेसो' ही केंद्रीय संस्था आहे आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

म्हणून व्यवहार्य उपाय एकाच पट्टीत दोन्ही देण्याचा दिसतो: प्लांट आणि गोडाऊनसाठी चिप, ग्राहकासाठी क्यूआर. आणि त्याच्या शेजारी डोळ्यांनी वाचता येईल असा ठोकलेला क्रमांक. ज्या गावात नेटवर्कसाठी टेकडीवर चढावं लागतं, तिथे हा साधा क्रमांकच कामाला येईल.

फास्टॅग आणि नंबरप्लेटनं दिलेला धडा

ओळखपट्टी नीट न बसवल्यानं काय होतं, हे लोकांनी आधीच पाहिलं आहे. फास्टॅग काचेवर न लावता हातात धरून टोल पार करणारे वाढले, तेव्हा जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचा निर्णय घ्यावा लागला. टॅग खरा होता, पण तो त्या गाडीला बांधलेला नव्हता.

उच्च सुरक्षा नंबरप्लेटमध्ये हा विचार आधीच केलेला आहे. तिचं लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडलेलं पुन्हा वापरता येत नाही. जनावरांच्या कानातल्या १२ अंकी पिवळ्या बिल्ल्याचंही तसंच. तो कानातून ओघळून पडू शकतो, पण सहज काढून दुसऱ्या जनावराला लावता येत नाही. सिलिंडरच्या पट्टीचा नियमही हाच हवा: काढायला गेलं तर ती तुटली पाहिजे.

निघालेल्या पट्टीची जबाबदारी कोणाची?

गावातल्या ग्राहकासाठी खरा प्रश्न इथे आहे. सिलिंडर कंपनीच्या मालकीचा असतो. ग्राहक फक्त अनामत भरतो. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या टाकीची ही अनामत १,४५० रुपयांवरून २,२०० रुपये झाली. उद्या पट्टी नसलेली रिकामी टाकी घेऊन गेल्यावर 'कोड कुठे गेला?' असं विचारून टाकी परत घ्यायला नकार मिळाला किंवा दंड मागितला, तर ग्राहकानं काय करायचं? टाकी घरात आली तेव्हाच पट्टी नव्हती, हे तो कसं सिद्ध करणार?

उज्ज्वला योजनेत देशात १० कोटींहून जास्त जोडण्या दिल्या गेल्या. एक टाकी भरायलाही महिन्याचा हिशोब जुळवावा लागतो, अशी ही घरं आहेत. पट्टीचा वाद त्यांच्या माथी मारला गेला, तर पुन्हा चुलीकडे जाणं त्यांना सोपं वाटेल.

त्यामुळे नियमात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. पट्टी निघाल्यास खर्च कंपनीचा, ग्राहकाचा नाही. पट्टी नाही म्हणून रिकामी टाकी नाकारता येणार नाही. आणि टाकी देताना डिलिव्हरीवाल्यानं कोड वाचून ती नोंद ग्राहकाच्या मोबाईलवर पाठवायची, म्हणजे कोणती टाकी कोणाच्या घरी गेली याचा पुरावा दोघांकडे राहील.

कोड असला तरी वजन करायचंच

कोड टाकीची ओळख सांगतो, आतला गॅस मोजत नाही. प्लांटमधून पूर्ण भरून निघालेल्या टाकीतून वाटेत दोन किलो काढले, तरी मोबाईलवर ती भरलेलीच दिसेल. म्हणून टाकी घेताना पुढच्या गोष्टी पाहणं आजही आणि कोड आल्यावरही गरजेचं आहे.

• सील: व्हॉल्व्हवरचं सील शाबूत आहे का ते पाहावं. सैल किंवा फाटलेलं असेल तर टाकी घेऊ नये.

• वजन: रिकाम्या टाकीचं वजन वरच्या उभ्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्यात १४.२ मिळवायचे. पट्टीवर १५.३ असेल, तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. डिलिव्हरीवाल्याकडे काटा मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

• चाचणीची मुदत: उभ्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, सी म्हणजे सप्टेंबरपर्यंत आणि डी म्हणजे डिसेंबरपर्यंत. 'सी २८' असेल तर मुदत सप्टेंबर २०२८ अखेरपर्यंत. मुदत उलटलेली टाकी परत करावी.

• डिलिव्हरीचा कोड: मोबाईलवर आलेला डिलिव्हरीचा आकडा टाकी हातात आल्यावरच सांगावा, आधी नाही.

• फसवणूक: सिलिंडरचा कोड स्कॅन केल्यावर कुणी पैसे, पिन किंवा ओटीपी मागितला, तर तो कोड बनावट समजावा. टाकीची माहिती पाहायला यातलं काहीच लागत नाही.

गळतीचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या-दारं उघडावीत, विजेच्या बटणांना हात लावू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.