मुलीचा फॉर्म कोण भरणार?

सोलापुरात नई जिंदगी असो की विजापूर वेस, आठवीतल्या मुलीच्या एनएमएमएस परीक्षेचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "पोरीला कशाला त्रास? नापास झाली तर?"

या परीक्षेत न निवडल्यानं शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० मिळतात. अट एवढीच की पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, महापालिकेची किंवा अनुदानित हवी. सातवीत ५५ टक्के लागतात. पेपर उर्दूतूनही देता येतो.

लहान वयात परीक्षेचा ताण नको, हे मलाही पटतं. पण हा ताण आपल्याला फक्त मुलीच्या वेळीच का आठवतो? सातवीत अब्बांनी मला स्कॉलरशिपला बसवलं. बहिणीचा फॉर्म कुणी भरलाच नाही. मी इंजिनिअर झालो, तिचं शिक्षण दहावीवर थांबलं. अभ्यासात ती माझ्यापेक्षा हुशार होती. तिला बसायचंय का, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही.

परीक्षा द्यायची की नाही, हे जरूर ठरवा, पण मुलीला विचारून. अर्ज शाळेमार्फतच भरला जातो. म्हणून घरात आठवीतली बहीण किंवा भाची असेल, तर याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा. उत्पन्नाचा दाखला काढायला अब्बांना सुट्टी मिळत नसेल, तर तुम्ही तहसीलला जा.