आतली माणसं कुठं गेली?

२०२५ च्या चतुर्थीत मालवण तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी गेले होते. माटवीखाली गणपती आणि शेजारच्या टेबलावर लढाईचा देखावा. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी ‘ऑपरेशन सिंदूर’चे देखावे होते. या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मात्र १९६५ सालची खेमकरणची लढाई निवडली होती. मधोमध होता गोळा लागून बंद पडलेला पाकिस्तानी पॅटन रणगाडा. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच आणून जोडलेला, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, वीतभर लांबीचा.

काम खरोखर नजर ठरावी असं होतं. मेणबत्तीवर तापवलेल्या सुईने भोकं पाडली होती, चाकांवरची पाती मऊ करून वाकवली होती. आधी तपकिरी रंग, त्यावर हेअरस्प्रेचा थर, त्यावर हिरवा रंग. मग ओल्या ब्रशने घासलं की वरच्या रंगाचे पोपडे निघतात आणि खालचा गंज दिसू लागतो. गंजावर जांभ्याची तांबडी पूड, जळाल्याच्या खुणांना समईची काजळी. ही काजळी धाकट्या बहिणीने धरून दिली होती, जांभा कुटून वस्त्रगाळही तिनेच केला होता. येणारा प्रत्येक जण ‘अगदी हुबेहूब’ म्हणत मुलाची पाठ थोपटत होता. बहीण आत मोदकांच्या पाऱ्या करत होती.

तेवढ्यात आजीने विचारलं, “आतली माणसां खंय गेली रे?”

“ती भायरसून दिसनत नाय, आजये.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. हुबेहूब म्हणजे काय, हाच प्रश्न आजीने विचारला होता.

रणगाड्यात चार-पाच माणसं बसतात. कुणी चालवतो, कुणी तोफ भरतो, कुणी नेम धरतो, एक जण हुकूम देतो. पोलाद भेदणाऱ्या गोळ्याचं भोक बाहेरून बऱ्याचदा मुठीएवढंही नसतं. खरा विध्वंस आत होतो. पोलादाचे तुकडे त्या कोंदट जागेत उडतात, दारूगोळ्याला आणि इंधनाला आग लागते. म्हणजे बाहेरचं भोक आणि उडालेला रंग हीच ‘युद्धाची खूण’ मानली, तर युद्धाची सगळ्यांत सौम्य बाजू तेवढी आपण मुलांपुढे ठेवतो. बाहेरून वळ दिसत नाही म्हणून ‘घरात काही झालंच नाही’ असं ऐकायची सवय आपल्याला आहेच. मैत्रिणींनो, ही नजर आपल्या ओळखीची आहे.

पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, पेटलेला रणगाडा सोडायला नकार देऊन लढता लढता गेले. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. २००१ मध्ये त्यांचे वडील पाकिस्तानात गेले. ज्या अधिकाऱ्याने तिथे त्यांचा पाहुणचार केला, त्यानेच, ‘तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला,’ असं त्यांना सांगितलं. तीस वर्षं दोन्ही घरांनी काय वागवलं असेल? खेमकरणच्या त्या पॅटनमधल्या माणसांनाही आया होत्या, बायका होत्या. हे म्हणण्याने देशप्रेम उणं होत नाही.

परमवीर चक्राचा आराखडा एका बाईने केला, सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपातल्या, आणि लग्नानंतरचं आडनाव आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचं. पण शौर्यपदकाच्या भत्त्याचा नियम पाहा. नवऱ्यामागे विधवेला मिळणारा हा मासिक भत्ता तिने दुसरं लग्न केलं की बंद होई. चालू राहायचा असेल तर लग्न मयत नवऱ्याच्या भावाशीच करायचं! बाई म्हणजे घराण्याची ठेव, ती घराबाहेर जाता कामा नये, हाच त्यामागचा विचार. ही अट संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. हेही युद्धाचंच नुकसान, पण ते कोणत्या देखाव्यात दिसलं?

मोहिमेला ‘सिंदूर’ नाव दिलं गेलं, कारण पहलगामला बायकांच्या डोळ्यांदेखत त्यांचे नवरे मारले गेले. तो आक्रोश खराच. पण कुंकवाचा एवढा मान असलेल्या समाजात विधवेचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची चाल बंद करण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला मे २०२२ मध्ये ठराव करावा लागला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आपल्या गावात त्या ठरावाचं पुढे काय झालं, हे आपण विचारलं आहे का?

कुणी म्हणेल, पोराच्या छंदावर एवढं रामायण कशाला? त्याच्या छंदाला माझा विरोध नाही. महिनोन्महिने एका जागी बसून बारीक काम करणारा मुलगा मला आवडतो. ती चिकाटी त्याने स्वयंपाकघरातही आणावी आणि बहिणीच्या हातात नुसती काजळीची ताटली न राहता ब्रशही यावा, एवढंच म्हणणं आहे. बंदी घालून मुलांच्या मनातलं युद्ध जात नाही. प्रश्न विचारून कदाचित जाईल.

म्हणून आपल्या गटांपुढे दोन गोष्टी ठेवते. पहिली, ज्या घरांतले पुरुष सैन्यात होते किंवा आहेत, त्या घरांतल्या बायकांपर्यंत २०१७ चा बदललेला नियम पोचवू या. सासरच्या माणसांकडून तो कळेल, या भरवशावर राहू नये. दुसरी, पुढच्या चतुर्थीत देखाव्यांच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून आपल्यालाही बोलवा, असा आग्रह धरू या. आणि तिथे रणगाडा दिसला तर पोपडे किती खरे निघालेत ते बघण्याआधी आजीचा प्रश्न विचारू या.

त्या प्रमाणात माणूस करायचा तर तो पाच सेंटिमीटरचाही होत नाही. त्याच्यासाठी, आणि दारात त्याची वाट पाहणाऱ्या बाईसाठी, टेबलावर जागा भरपूर असते.