सेटवरची हवा

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो. न्यायालयाची अख्खी खोली एका चौकटीत, आणि शॉट लांबलचक. अशा शॉटमध्ये संकलकाला काही झाकायला वाव नसतो. मागच्या बाकावरचा एखादा माणूस अवघडला, तरी ते पडद्यावर दिसतं. त्यात कितीतरी चेहरे पूर्वी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेले. लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार तर नागपूरचे कार्यकर्ते आणि कवी. टेकवर टेक होत असताना नवख्या माणसाला ‘माझ्यामुळे सगळे खोळंबलेत’ असं वाटू लागलं, की अभिनय तिथेच संपतो. ‘कोर्ट’मध्ये तसं कुठेच जाणवत नाही. याचं श्रेय मी सेटवरच्या हवेला देईन.

‘फँड्री’ आणि ‘सैराट’मधली नागराज मंजुळे यांची नवखी मुलंही अशीच मोकळी वाटतात.

सेटवरची ऊर्जा म्हटलं की आपल्याला धावपळ, आरडाओरडा आठवतो. मला मात्र ती वाट पाहण्याच्या पद्धतीत दिसते. प्रकाशयोजना बदलेपर्यंत नटाशी कोण बोलतं? जेवणाची सुट्टी लांबल्यावर लाइटमनची आठवण कुणाला राहते? युनिटचा वैताग नटाच्या आवाजात उतरतो, आणि डबिंगनेही तो पुरता जात नाही.

म्हणून या अंकात दिग्दर्शकांपेक्षा स्पॉटदादा, ध्वनिमुद्रक आणि सहायक दिग्दर्शक यांना अधिक पानं दिली आहेत.